अहवाल माझा, पण उत्तर देता येईना: चॅटबॉटमुळे स्वतःच्या बुद्धीचा अंदाज चुकू लागतो का?

कलमबाग (देवगड तालुका)

नमस्कार. आमच्या भागातील आंबा बागायतदारांच्या एका लहान सहकारी संस्थेचा सचिव म्हणून मी गेली अकरा वर्षे काम पाहतो. सभेच्या नोटिसा, इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, फळपीक विम्यासंबंधीची निवेदने, परगावच्या खरेदीदारांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार असे संस्थेचे बहुतेक लिखाण माझ्याकडे असते. सुमारे दीड वर्षापूर्वी मुलीने फोनवर चॅटबॉट वापरायला शिकवले आणि तेव्हापासून हळूहळू हे सारे लिखाण त्याच्याकडे गेले. सुरुवातीला मी कच्चा मसुदा स्वतः लिहून तो केवळ सुधारून घेत असे. पुढे नुसते मुद्दे सांगू लागलो. आता विषय तेवढा सांगतो, आलेला मजकूर वरवर वाचतो आणि खाली सही करतो.

गेल्या वार्षिक सभेत मी हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेवर दीड पानांचे टिपण वाटले होते. भाषा सफाईदार होती, दोघातिघांनी कौतुकही केले. मग एक ज्येष्ठ सभासद उठले आणि त्यांनी विचारले, "तापमान खाली गेलेले दिवस सलग मोजतात की सगळे मिळून? आणि ते आपल्या बागेतले धरतात की महसूल मंडळाच्या केंद्रावरचे?" दोन्ही प्रश्नांचा ऊहापोह माझ्याच टिपणात होता, आणि तरीही मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मी कागद चाळत राहिलो, सभागृह गप्प बसून राहिले, आणि अखेर त्या गृहस्थांनीच "असू दे, सवडीने सांगा" म्हणून माझी सुटका केली.

विसरणे मी समजू शकतो. पन्नाशी उलटून गेली आहे. मला खटकते ते हे की, त्या क्षणापर्यंत विम्याच्या विषयात आपला हात कोणी धरणार नाही असे मला मनापासून वाटत होते. गेल्या दीड वर्षात मी स्वतःला पूर्वीपेक्षा अधिक जाणकार समजू लागलो आहे. आणि याच काळात एका मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर चार ओळींचे सांत्वनपत्र लिहायला बसलो, तेव्हा मला पहिले वाक्य सुचेना. शेवटी तेही मी यंत्राकडून लिहून घेतले, हे सांगताना संकोच वाटतो. अशा वापराने विचार करण्याची शक्ती खरोखर कमी होते का, आणि ती कमी होत असतानाच आपण हुशार झालो आहोत असे का वाटते, याविषयी जाणकारांनी लिहावे.

सुरंगी (रत्नागिरी)

कलमबाग यांस नमस्कार. मी महाविद्यालयात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी आधी वळते, कारण त्याविषयी चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे संशोधन उपलब्ध आहे.

येल विद्यापीठातील लिऑन रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. कपड्याची झिप, कुलूप, शौचालयातील फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला कितपत समजते, याला त्यांनी लोकांना स्वतःच गुण द्यायला सांगितले. लोकांनी भरघोस गुण दिले. त्यानंतर त्यांना सांगण्यात आले की, आता ती वस्तू नेमकी कशी चालते हे टप्प्याटप्प्याने लिहून काढा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तेव्हा ते खाली आले. समजले आहे असे वाटणे आणि समजावून सांगता येणे यांत अंतर असते, आणि समजावून सांगण्याचा प्रसंग येईपर्यंत ते दिसत नाही. आपल्या वार्षिक सभेत त्या ज्येष्ठ सभासदांनी आपल्यावर हाच प्रयोग केला, एवढेच.

याच काइल यांनी मॅथ्यू फिशर आणि मॅरिएल गोडू यांच्याबरोबर २०१५ साली पुढचा प्रश्न हाती घेतला. काही जणांना प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधायला लावली आणि काहींना शोधू दिले नाही. मग सर्वस्वी वेगळ्या विषयांवरचे प्रश्न तुम्ही कितपत समजावून सांगू शकाल, असे दोन्ही गटांना विचारले. ज्यांनी नुकताच शोध घेतला होता, ते त्या असंबद्ध विषयांतही स्वतःला अधिक जाणते समजत होते. घरात मोठी तिजोरी असली की माणसाला तीतील सगळा पैसा आपलाच वाटू लागावा, तसा हा प्रकार आहे.

चॅटबॉटमुळे यात एका गोष्टीची भर पडली. इंटरनेटवर शोध घेताना निदान दहा दुवे समोर येत, त्यांतील दोन परस्परविरोधी असत, आणि वाचून जुळणी करण्याचे काम आपल्यालाच करावे लागे. आता जुळणी केलेले, सरळ आणि गुळगुळीत वाक्यांतले उत्तर हाती येते. जे वाचताना अडखळायला होत नाही ते आपल्याला समजले, असे मन गृहीत धरते. वाचनाची सुलभता आणि विषयाचे आकलन यांची मनात गल्लत होते. त्यात ही यंत्रे वापरणाऱ्याची स्तुती करतात. "फार मार्मिक प्रश्न विचारलात" असे दिवसातून वीस वेळा कोणी म्हणू लागले, तर शहाणा माणूसही हरभऱ्याच्या झाडावर चढतो. ही खुशामत इतकी वाढली होती की, एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी हा चॅटबॉट बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या जीपीटी-फोरओ या प्रारूपातील एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, आणि ती अतिरेकी खुशामतीची झाल्याचे कंपनीने स्वतःच मान्य केले.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळ जाणारा अभ्यास फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाचा आहे. अमेरिकेत कायद्याच्या शिक्षणासाठी जी प्रवेशपरीक्षा असते, तिच्यातील तर्काचे वीस प्रश्न लोकांना चॅटजीपीटीच्या मदतीने सोडवायला दिले होते. मदतीमुळे गुण सुमारे तीनने वाढले. पण आपल्याला किती मिळाले असतील याचा अंदाज लोकांनी प्रत्यक्षापेक्षा सुमारे चारने जास्त केला. बहुतेकांनी प्रश्न यंत्राला एकदाच विचारला, आलेले उत्तर उचलले आणि पुढचा प्रश्न घेतला. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी १९९९ मध्ये दाखवले होते की, ज्यांना कमी येते ते स्वतःबद्दल अधिक फुगवून बोलतात. येथे तो भेदच उरला नाही. सगळेच फुगवून सांगत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची ज्यांना अधिक माहिती होती, त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज तर अधिकच चुकला. मला स्वतःला ही शेवटची गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते, कारण "नीट शिकून घेतले की प्रश्न मिटेल" असे आपण सर्वांना सांगत असतो.

आता शक्ती कमी होते का, याविषयी. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये नतालिया कॉस्मिना आणि सहकाऱ्यांनी ५४ जणांना तीन गटांत विभागून निबंध लिहायला लावले: एक गट चॅटजीपीटीसह, एक शोधयंत्रासह आणि एक कशाच्याही मदतीविना. लिहिताना मेंदूतील विद्युत हालचाली नोंदवल्या गेल्या. मेंदूच्या विविध भागांतील जोडणी चॅटजीपीटीच्या गटात सर्वांत क्षीण होती, आणि पहिल्या फेरीनंतर त्या गटातील १८ पैकी १५ जणांना नुकत्याच लिहिलेल्या स्वतःच्या निबंधातील एक वाक्यही अचूक सांगता आले नाही. आपले टिपण आठवते ना? मात्र हा अभ्यास जून २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचे तज्ज्ञ-परीक्षण झालेले नव्हते, चौथ्या फेरीला अवघे १८ जण उरले होते, आणि "मेंदू सडतो" असले शब्द वापरू नका अशी विनंती संशोधकांनी स्वतःच केली होती. वृत्तपत्रांनी ती मानली नाही, हे सांगायला नकोच. एका प्रसंगी एका कामात मेंदूने कमी कष्ट घेतले, एवढे या नोंदींवरून म्हणता येते. कायमची हानी झाली असे त्यांवरून म्हणता येत नाही.

नाडीपरीक्षा (चिपळूण)

मी डॉक्टर आहे, म्हणून आमच्या क्षेत्रातील एकच उदाहरण जोडतो. पोलंडमधील चार केंद्रांवर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना गाठी ओळखून दाखवणारी संगणकीय मदत देण्यात आली. ती येण्यापूर्वी त्यांच्या २८.४ टक्के तपासण्यांमध्ये गाठी सापडत. मदतीची सवय झाल्यानंतर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांमध्ये हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. हे २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ निरीक्षणावर आधारलेला हा अभ्यास असल्यामुळे कारण निर्विवाद सिद्ध झालेले नाही, परंतु प्रत्येकी दोन हजारांहून अधिक तपासण्या केलेली ही माणसे होती, शिकाऊ नव्हती, हे लक्षात घ्यावे.

फळा आणि खडू (गुहागर)

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि शिक्षक कमी असल्यामुळे मराठीचेही दोन तास घेतो. गणितापुरते सांगायचे तर तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग आम्हा शिक्षकांनी पाठ करून ठेवावा असा आहे. काही मुलांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर न सांगता फक्त सूचना देणारा चॅटबॉट दिला, आणि काहींना पुस्तक व वही एवढेच. सरावाच्या उदाहरणांत पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी वाढली. मग मदत काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधा चॅटबॉट वापरलेली मुले वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली, तर सूचना घेऊन शिकलेल्या मुलांचे फारसे नुकसान झाले नव्हते. आणि सुरंगी यांनी मांडलेला मुद्दा येथेही आहेच: मागे पडलेल्या मुलांना आपण कमी शिकलो आहोत याची कल्पना नव्हती.

गाइडातून उत्तरे उतरवून काढणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. परंतु गाइड उघडून लिहिणाऱ्या मुलाला ते गाइडातले आहे हे पक्के ठाऊक असे. परक्याच्या ओंजळीने पाणी पिताना निदान ओंजळ परक्याची आहे हे समजत होते.

मात्र मला या चर्चेत एका वेगळ्या गोष्टीची नोंद करायची आहे. आतापर्यंत सर्वांनी बुद्धीचा अंदाज वर जातो असे लिहिले. माझ्या वर्गात तो खालीही जाताना दिसतो. जूनमध्ये आठवीच्या मुलांना "पहिला पाऊस" हा निबंध दिला होता. एका मुलीने अत्यंत नेटका निबंध आणला, ज्यात रस्त्यावर छत्र्यांची गर्दी होती, खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते आणि कॉफीचा कप वाफाळत होता. ही मुलगी खाडीकाठच्या वाडीत कौलारू घरात राहते. मी तिला जवळ बोलावून विचारले, तुमच्याकडे आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, काय काय भरतात? त्यावर ती दहा मिनिटे बोलत होती: लाकडे कुठे रचतात, सुके बांगडे आणि सोडे कोणत्या डब्यात ठेवतात, आमसुले किती वाळली की उचलायची, कौले परतायला कोण येतो आणि त्या वेळी आजी खालून कशी ओरडत असते. मी म्हटले, हेच का लिहिले नाहीस? ती म्हणाली, "सर, ते काय निबंधात लिहायचे असते? माझे वाक्य त्याच्यासारखे होत नाही."

तिचे वाक्य खरोखरच चॅटबॉटसारखे होणार नाही, आणि तसे होऊही नये, हे तिला पटवायला मला आषाढ पुरा लागला. अजूनही तिला ते पूर्ण पटले आहे असे नाही. कलमबाग यांना सांत्वनपत्राचे पहिले वाक्य सुचले नाही ते विस्मरणामुळे नसावे. यंत्राच्या सफाईशी तुलना करून त्यांनी आपलीच वाक्ये उमटण्यापूर्वी खोडली असावीत, अशी मला शंका आहे.

बंदरावरचा (हर्णै, सध्या पुणे)

वरील सर्व उत्तरे आदराने वाचली आणि तरीही मला काहीसा विरोध नोंदवावासा वाटतो. मी संगणकाची कामे करतो, चॅटबॉट दिवसभर उघडा असतो, आणि या चर्चेत लिहिणारे सगळे जण आधीपासूनच उत्तम लिहू-वाचू शकणारे आहेत हे मला जाणवते.

माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. शाळा चौथीपर्यंत. डिझेलच्या परताव्यासाठी किंवा बँकेच्या हप्त्यासाठी अर्ज करायचा झाला की त्यांना बंदरावरच्या एका लिहित्या माणसाकडे जावे लागे. तो त्याच्या सवडीने लिहून देई, पैसे घेई आणि वर चार लोकांसमोर "एवढे पण येत नाही काय" असे ऐकवी. आता ते फोनसमोर आपल्या बोलीत बोलतात आणि अर्ज तयार होतो. मग तो अर्ज वडील मोठ्याने वाचून घेतात आणि चुकीचे असेल तर चुकीचे आहे असे सांगतात, कारण कोणत्या महिन्यात किती फेऱ्या झाल्या आणि किती डिझेल लागले हे त्यांना यंत्रापेक्षा चांगले माहीत असते. यात त्यांची बुद्धी कमी झाली असे म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यासमोर येऊन म्हणावे. आमच्याकडचे जुने लोक डोंगराची टोके आणि देवळाचे शिखर जुळवून समुद्रात जागा ओळखत. आताचे तरुण जीपीएस पाहतात. एक कौशल्य गेले, हे खरे आहे. पण त्या कौशल्यावर विसंबून धुक्यात होड्याही चुकल्या नव्हत्या काय?

मायक्रोसॉफ्ट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ३१९ नोकरदारांची पाहणी केली. यंत्रावर ज्यांचा अधिक भरवसा होता, ते उत्तराची चिकित्सा कमी करत. आणि त्या कामातील स्वतःच्या क्षमतेवर ज्यांचा अधिक भरवसा होता, ते चिकित्सा अधिक करत. ही माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली असल्यामुळे तिला मर्यादा आहेत, पण माझ्या वडिलांचे उदाहरण तिच्यात चपखल बसते. ज्या विषयात आपण मुरलेले आहोत तेथे यंत्र नोकर राहते. कलमबाग यांनी आंब्याच्या फवारणीवर टिपण काढले असते, तर सभेत त्यांची अशी अवस्था झाली नसती. विमा हा विषय मुळातच त्यांचा नव्हता.

एवढे लिहिल्यावर माझ्याच विरोधात जाणारी एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. एमईटीआर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायची आणि काहींत नाही. साधनांमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावर तो २० टक्क्यांनी वाचला असे ते म्हणाले. घड्याळाने मोजले तेव्हा साधने वापरताना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. ही माणसे आपल्या विषयात मुरलेली होती. तेव्हा उत्तर तपासण्याची पात्रता असली तरी, साधनाने आपल्याला किती उपयोग झाला हे ओळखण्याची पात्रता तिच्याबरोबर येतेच असे नाही, हे मला मान्य करावे लागते. हा अभ्यास वाचल्यावर मी महिनाभर माझा वेळ लिहून ठेवला. आकडे सांगत नाही. बायकोला सांगितले तेवढे पुरे.

पाऊणकी (मालवण)

मी शिकलेली बेताची आहे, पण दर्याकाठी आयुष्य गेले आहे, म्हणून लिहिते. चूक असल्यास सुधारावी.

गेल्या मे महिन्यात मुंबईचा भाचा आपल्या मुलांसह आला होता. मुलांना खडकावरची कालवे काढताना पाहायची होती. कालवे काढायची तर खडक उघडा पडला पाहिजे, म्हणजे ओहोटी हवी. भाच्याने फोनवर चॅटबॉटला विचारले आणि मला सांगितले, "मावशी, आज दुपारी दीडला ओहोटी आहे, जेवून निघू." मी म्हटले, दीडला तर भरती असेल. त्याने फोन माझ्यासमोर धरला. तेथे ओहोटीची वेळ तर होतीच, पण चपला कोणत्या घालाव्यात आणि मुलांची काळजी कशी घ्यावी हेही लिहिले होते. इतके व्यवस्थित लिहिणारा वेळ चुकीची का सांगेल, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते.

आमच्याकडे लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे, म्हणून घेत असत. वडील होडी चालवीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशेब होता, आणि किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत तो आजही माहीत आहे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. त्या दिवशी वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. दीडला पाणी पूर्ण चढलेले असणार आणि सहा तासांच्या पुढेमागे ते उतरणार, म्हणजे साडेसात, काळोखाची वेळ. दुसऱ्या दिवशी तृतीया, भरती सव्वादोनला, म्हणून सकाळी सव्वाआठला खडक मोकळा. आम्ही सकाळी गेलो.

माझे पाहून भाच्याने यंत्राला "तुझी खात्री आहे का" असे विचारले. त्याने लगेच क्षमा मागितली आणि तिसरीच वेळ सांगितली. नंतर भाच्याने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून पाहिले, तेव्हा पाऊणकीची वेळ वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने जुळली. हा हिशेब ढोबळच आहे. चंद्रामुळे भरती दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. शिवाय पाणी किती चढेल हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) हे पाहावे लागते. तक्ता माझ्यापेक्षा बरोबर, हे मी आनंदाने मान्य करते. परंतु ढोबळ हिशेब डोक्यात होता म्हणून समोरचे उत्तर उलटे आहे हे मला ऐकताक्षणी समजले. भाच्याजवळ तेवढाही नव्हता, त्यामुळे बरोबर उत्तर आणि चूक उत्तर ही दोन्ही त्याला सारखीच दिसत होती.

यात मी हुशार आणि तो अडाणी असे कोणी समजू नये. तो मोठ्या कंपनीत हिशेबनीस आहे. आणि माझे म्हणाल तर मलाही आता सवायकी आणि औटकी येत नाही. बाजाराचा हिशेब फोनवर करू लागल्यापासून ती गेली. पाऊणकी राहिली, कारण पाण्याला रोज विचारावे लागते. गंमत अशी की सवायकी गेली आहे हे मला ठाऊकच नव्हते. नातवाने "साताची सवायकी किती" असे विचारले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तोंड उघडले आणि पुढे काही आलेच नाही. कलमबाग यांचे सभागृह वाचताना मला माझी पडवी आठवली.

कलमबाग (देवगड तालुका)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मध्यंतरी पालवी आणि तुडतुडे यांनी उसंत दिली नाही.

बंदरावरचा यांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. खरेदीदारांची इंग्रजी पत्रे मी अजूनही यंत्राकडूनच लिहून घेतो. ती भाषा माझी कधी नव्हतीच, आणि तेथे मला मी विद्वान झाल्यासारखेही वाटत नाही. विम्याचे टिपण मात्र मी नव्याने लिहायला घेतले, वहीत, पेनाने. शासन निर्णयाची प्रत काढली, मंडळ कार्यालयात दोनदा गेलो. दीड पानाला चार संध्याकाळी लागल्या. त्या खटाटोपात असे आढळले की, सभेत वाटलेल्या जुन्या टिपणात दुसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदात एकमेकांना छेद देणारी विधाने होती. ती मी वाचली होती, त्यांवर सही केली होती, त्यांच्या दीडशे प्रती काढल्या होत्या, आणि सभेतही कोणाच्या ती लक्षात आली नव्हती. फळा आणि खडू यांची शंका बरोबर असावी: वहीत लिहिताना माझी वाक्ये मला ओबडधोबड वाटत राहिली आणि पहिल्या संध्याकाळी मी दोनदा फोनकडे हात नेला. नवे टिपण जुन्याइतके सुबक नाही. कौतुक करणारे दोघे-तिघे या वेळी गप्प बसले.

सांत्वनपत्राचे राहिलेच होते. आता पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी मित्राच्या घरीच जाऊन आलो. फार काही बोललो नाही.

गेल्या रविवारी ते ज्येष्ठ सभासद बाजारात भेटले. मी आपण होऊन सलग आणि एकूण दिवसांचा खुलासा केला, मंडळाच्या केंद्राचेही सांगितले. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न काढला: आमची बाग दोन मंडळांच्या हद्दीवर आहे, अर्धी कलमे इकडे आणि अर्धी तिकडे, तर कोणते केंद्र धरायचे? त्याचे उत्तर मला आले नाही. पण ते येत नाही, हे मला त्यांचा प्रश्न पुरा होण्याआधीच कळले होते. मंडळ कार्यालयात सोमवारी विचारून सांगतो, असे त्यांना म्हणालो आणि सोमवारी विचारून आलो.